थंडरबर्ड ६८ वर थांबलेलं कार्यालय

पार्श्वभूमी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातला काजूचा कारखाना. भट्टी, सोलणी आणि निवडणी मिळून साठेक माणसं, त्यांत बहुतेक बायका. कार्यालयात मात्र चारच संगणक. मालकांना सगळा गाव ‘भाई’ म्हणतो. बिलं, हिशेब आणि पत्रव्यवहार ताईंकडे, वीस वर्षांहून जास्त काळ. तिसरा संगणक माल पाठवणीच्या टेबलावर आणि चौथा गोदामात, वजनकाट्याला जोडलेला. मी बाहेरून येऊन त्यांचे संगणक आणि नेटवर्क बघतो. २०२२ पासून हे काम माझ्याकडे आहे. कारखाना ओळखता येईल असे तपशील मी बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक गोष्टी होत्या तशाच ठेवल्या आहेत.

चारही संगणकांवर ईमेलसाठी थंडरबर्ड हा मोझिलाचा प्रोग्राम होता. मेल पीओपी पद्धतीने उतरवली जायची, म्हणजे सर्व्हरवरून आली की कायमची आपल्याच डिस्कवर राहायची. सर्व्हरवर तिची प्रत फक्त चौदा दिवस. आजच्या काळात हे जुनाट वाटेल, पण त्यामागे कारण होतं. मृग लागल्यापासून श्रावण संपेपर्यंत या भागात वीज आणि इंटरनेट, दोन्हींचा भरवसा नसतो. झाड पडून केबल तुटली की ती जोडायला दुसरा दिवस उजाडतो. अशा दिवशीही इन्व्हर्टरवर संगणक चालू करून ताई २०१५ ची ऑर्डर दोन मिनिटांत काढून दाखवायच्या. ब्राउझरमध्ये मेल बघणाऱ्यांना ते जमलं नसतं.

या मेलमध्ये येतं काय, हेही सांगायला हवं. ऑर्डरी, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, प्रयोगशाळेचे अहवाल, आणि फोटो. फोटो फार येतात. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. डबा फोडल्यावर गर बारीक निघाले, डाग दिसले किंवा तुकडा जास्त वाटला, की व्यापारी काजू तराजूत ठेवून फोटो काढतो आणि पाठवतो. त्या फोटोवरून बिलातून किती कापायचे ते ठरतं. त्यामुळे ‘अनोळखी चित्र उघडू नका’ हा नेहमीचा सल्ला इथे तसाच्या तसा देता येत नाही. चित्र उघडणं हाच त्यांच्या कामाचा भाग आहे.

प्रश्न समोर कसा आला

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या मशीद बंदरहून एका जुन्या व्यापाऱ्याचा भाईंना फोन आला. “तुम्ही बँक बदलली का हो?” त्यांना कारखान्याच्या नावाने मेल आली होती: आमचं खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट खालच्या खात्यावर करा. सोबत कारखान्याच्या शिक्क्यासह बिल. पैसे सोडण्याआधी त्यांनी फोन केला म्हणून निभावलं.

कार्यालयात सगळ्यांनी एकच अर्थ लावला, आपला संगणक हॅक झाला. मी व्यापाऱ्याकडून ती मेल फाइल म्हणून जतन करून मागवली. नुसती फॉरवर्ड केली असती तर मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कशी आली याच्या नोंदी, हाती लागले नसते. हेडर वाचल्यावर उलगडा झाला. मेल कारखान्याच्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून, आलीच नव्हती. डोमेनच्या नावातली दोन अक्षरं उलटसुलट करून कोणीतरी वेगळं डोमेन घेतलं होतं आणि तिथून ती पाठवली होती. वाचताना डोळा चुकावा इतकाच फरक. यासाठी आमच्या संगणकात शिरायची गरज नव्हती, बिलाचा नमुना तर दहा-बारा व्यापाऱ्यांकडे पडलेला असतो.

तरी खात्री म्हणून चारही संगणक तपासायचे ठरले. ताईंच्या संगणकावर मदतीच्या मेन्यूतून ‘थंडरबर्डविषयी’ ही छोटी खिडकी उघडली. आवृत्ती ६८. खाली एक ओळ, अपडेट व्यवस्थापकाने बंद केले आहेत अशा अर्थाची. भाई माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “व्यवस्थापक म्हणजे मीच ना? मी तर कधी काही बंद केलं नाही.”

६८ ही २०१९ ची मालिका. तिच्यानंतर २०२० मध्ये ७८, २०२१ मध्ये ९१, २०२२ मध्ये १०२ आणि जुलै २०२३ मध्ये ११५ आली होती. चारही संगणक ६८ वरच. मी त्या कार्यालयात वर्षभर जात होतो, राउटर, प्रिंटर, हिशेबाचा बॅकअप सगळं बघत होतो. ही खिडकी मी एकदाही उघडली नव्हती. ते काम माझंच होतं.

अपडेट बंद का होते

थंडरबर्ड जिथे बसवलेलं असतं त्या फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचा उपफोल्डर सापडला आणि त्यात एक छोटी फाइल, पॉलिसीज.जेसन. कंपन्यांना आपल्या सगळ्या संगणकांवर एकच नियम लावता यावा म्हणून ६८ पासून ही सोय आली. फाइलमध्ये कामाची एकच ओळ होती: अपडेट बंद. फाइलची तारीख ऑक्टोबर २०२०.

माझ्याआधी हे काम गावातला एक मुलगा बघायचा. तो आता क्रूझ जहाजावर आहे. भाईंनी नंबर दिला, दोन दिवसांनी जहाज बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला. त्याला सगळं लख्ख आठवत होतं. “दादा, लॉकडाऊन नुकतं उठत होतं. भाईंच्या संगणकावर ७८ आपोआप बसलं आणि सकाळपासून मेल येईना. सर्व्हरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे काही बिघाड नाही.”

बिघाड नव्हता हे खरं होतं. सर्व्हर जुना होता. मेल उतरवताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात जो कुलूपबंद मार्ग तयार होतो त्याच्या आवृत्त्या असतात: टीएलएस १.०, १.१, १.२, १.३. थंडरबर्ड ७८ ने पहिल्या दोन नाकारायला सुरुवात केली आणि तो सर्व्हर १.० च्या पुढे गेलेला नव्हता. दोघांचं बोलणंच जुळेना.

त्या मुलाने घाईत ६८ परत बसवलं. पण नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं प्रोफाइल, म्हणजे मेल, पत्ते आणि सेटिंग्ज असलेला फोल्डर, जुनी आवृत्ती उघडत नाही, नुकसान होऊ नये म्हणून तशी अडवणूक केलेली आहे. थंडरबर्डने कोरं प्रोफाइल करायला सांगितलं, त्याने केलं, आणि भाईंची आठ वर्षांची मेल दिसेनाशी झाली. ती डिस्कवर होतीच. जुन्या फोल्डरमधून एकेक फाइल नव्यात आणून त्याने ती तीन दिवसांत परत मिळवली. पण ते तीन दिवस कार्यालय विसरलं नव्हतं. ताईंपुढे ‘अपडेट’ शब्द काढला की आजही त्या आधी विचारत, “मेल जाणार नाही ना?”

त्यानंतर त्याने चारही संगणकांवर ती फाइल ठेवली. त्या दिवशी त्याच्या हाती जे होतं त्यात हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. कारखाना चालू राहिला. फक्त का बंद केलं आणि काय झालं की पुन्हा चालू करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. २०२१ मध्ये तो जहाजावर गेला आणि कारण त्याच्याबरोबर गेलं.

मग मी साधी गोष्ट केली, जी तीन वर्षांत कोणीच केली नव्हती. लॅपटॉपवरून ओपनएसएसएल या जोडणी तपासायच्या साधनाने त्या सर्व्हरला टीएलएस १.२ वापरून जोडणी मागितली. उत्तर लगेच आलं, जोडणी झाली. सर्व्हर कधीच सुधारला होता. ताईंच्या इनबॉक्समध्ये होस्टिंग कंपनीचं, म्हणजे तो मेल सर्व्हर चालवणाऱ्यांचं, नाव शोधल्यावर २०२१ ची मेलही निघाली: आम्ही सर्व्हर बदलत आहोत, जुन्या टीएलएस आवृत्त्या लवकरच बंद होतील. ती उघडलेली होती, म्हणजे कोणीतरी वाचली होती. पण काजूच्या कार्यालयात त्या वाक्याचा अर्थ कोणाला लागणार?

ताईंची वेगळी अडचण होती. त्या ऑडिटसाठी ऑर्डरच्या मेल एका अॅड-ऑनने (थंडरबर्डला जोडायच्या पूरक प्रोग्रामने) फाइल करून फोल्डरमध्ये काढून ठेवत, आणि ७८ मध्ये जुनी अॅड-ऑन चालत नाहीत असं त्यांनी ऐकलं होतं. बरोबर ऐकलं होतं. पण त्याच अॅड-ऑनचा पुढचा अवतार, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी, नव्या आवृत्त्यांवर चालत होता.

चवथीआधी की नंतर

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचं ठरलं, अपडेट करायचे, पण चवथीनंतर. गणेश चतुर्थी १९ तारखेला होती. त्याआधीचे पंधरा दिवस कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. घाई करण्यासारखंही काही दिसत नव्हतं, आणि ते मत मी उगाच बनवलं नव्हतं. थंडरबर्डच्या सुरक्षा सूचनांमध्ये बहुतेक वेळा एक वाक्य असतं: मेल वाचताना स्क्रिप्ट (मेलमध्ये दडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात, त्यामुळे यातल्या त्रुटींचा सहसा मेलमधून गैरफायदा घेता येत नाही. थंडरबर्ड आणि फायरफॉक्स यांचा गाभा एकच आहे. ब्राउझरमध्ये जी त्रुटी भयंकर असते ती मेल वाचताना बऱ्याचदा तितकी धोक्याची नसते. तीन वर्षं ६८ वर राहूनही काही घडलं नव्हतं, त्यात या गोष्टीचाही वाटा असावा.

मग १२ सप्टेंबर आला. वेबपी या चित्रप्रकाराची फाइल उलगडणाऱ्या लिबवेबपी या अनेक प्रोग्राममध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडमध्ये त्रुटी सापडली होती, नोंदक्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. अॅपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ती कळवली होती. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला मोझिलाची. थंडरबर्डसाठी दोन आवृत्त्या निघाल्या, १०२.१५.१ आणि ११५.२.२. सूचनेचा दर्जा ‘गंभीर’, आणि इतर सॉफ्टवेअरमध्ये या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याचं आम्हाला माहीत आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

इथे माझा आधीचा हिशेब मोडला. स्क्रिप्ट बंद असल्या तरी चित्र दाखवताना ते उलगडावं लागतंच, आणि खोट तिथेच होती. बाहेरून ओढली जाणारी चित्रं थंडरबर्ड मुळातच अडवतं, पण मेलला जोडून आलेलं चित्र मजकुराखाली आपोआप दिसतं. ६८ मध्ये वेबपी उलगडण्याची सोय होती आणि ही दुरुस्ती ६८ ला कधीच मिळणार नव्हती. रोज पंधरा-वीस फोटो उघडणारं हे कार्यालय.

१३ तारखेला संध्याकाळी भाईंच्या ओट्यावर बसून आम्ही पर्याय मांडले. पाऊस चालू होता, आत घरात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, आणलेली फळं सुपात ठेवलेली होती. कोकणीत झालेलं बोलणं मी इथे मराठीत देतो.

भाईंचा पहिला प्रश्न रास्त होता. “चार दिवस थांबलो तर काय बिघडतं? तीन वर्षं थांबलोच ना.” मी सांगितलं, तीन वर्षं थांबलो तेव्हा चोराला या दाराचा पत्ता नव्हता. आता दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे दार कुठे आहे तेही जाहीर झालं. दुरुस्ती आल्यानंतरचे दिवस ती न घेणाऱ्यांसाठी सगळ्यात वाईट असतात.

ताबडतोब चारही संगणक अपडेट करावेत, असा दुसरा टोकाचा पर्याय. त्याला मीच नाही म्हटलं. १६ तारखेपर्यंत अकरा गाड्या सुटायच्या होत्या. २०२० सारखं काही झालं असतं तर नुकसान त्या त्रुटीपेक्षा मोठं आणि खात्रीचं होतं.

चवथ होईपर्यंत ब्राउझरमधून मेल बघायची, हा तिसरा. ब्राउझर आपोआप अद्ययावत होतात, म्हणून तांत्रिकदृष्ट्या हा चांगला होता. पण सर्व्हरवर चौदाच दिवसांची मेल होती आणि जुने सौदे बघितल्याशिवाय ताईंचं एक पानही हलत नाही. मोठ्या कंपनीच्या सशुल्क मेलसेवेवर जाण्याचंही बोलणं निघालं. माणशी दरमहा पैसे द्यायला भाई तयार होते, मात्र आठवड्यात होणारं ते काम नव्हतं. ते बाजूला ठेवलं.

शेवटी जे ठरलं ते मधलं होतं. त्याच रात्री चारही संगणकांवर दोन गोष्टी बदलायच्या: मेलचा मजकूर साध्या स्वरूपात दाखवायचा आणि जोडलेली चित्रं मजकुराखाली दाखवणं बंद करायचं. दोन्ही ‘व्ह्यू’ मेन्यूत आहेत, संगणकामागे अर्धं मिनिट लागतं. भाईंचा संगणक तेवढा शनिवारी दुपारी अपडेट करायचा आणि फोटो असलेली प्रत्येक मेल त्याच्यावरच उघडायची. बाकीचे तीन चवथीनंतर, २१ तारखेला. शनिवारनंतरचे मधले दिवस ते बंदच राहणार होते, बंद संगणकाला कसला धोका.

भाईंच्याच संगणकापासून सुरुवात करण्याचा आग्रह त्यांचा स्वतःचा होता. “मागच्या वेळी माझीच मेल गेली होती. या वेळीही पहिली माझीच जाऊ दे.” त्यामुळे ताईंचा विरोध निम्मा मावळला.

एक निर्णय उरला होता, १०२.१५.१ की ११५.२.२? सुरक्षेच्या या एका मुद्द्यावर दोन्ही सारख्या. ११५ ला पुढे वर्षभर दुरुस्त्या मिळणार होत्या, १०२ ची मालिका संपत आली होती. पण ११५ चं रूप बदललेलं होतं, वरच्या टूलबारची मांडणी नवी. सणाच्या तोंडावर लोकांना अनोळखी पडद्यापुढे बसवायला मी धजलो नाही. आधी १०२ आणि मग सवडीने ११५, असं दोन उड्यांत जायचं ठरवलं.

प्रत्यक्ष काम

शनिवारी शेवटची गाडी तीन वाजता सुटली. थंडरबर्ड बंद करून मी भाईंचं प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. चालू थंडरबर्डची प्रत घेतली तर अर्धवट फाइल येऊ शकते, म्हणून आधी बंद. मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघितला. तो फोल्डर हीच परतीची एकमेव वाट होती.

त्यानंतर ७८, ९१, १०२, असा एकेक टप्पा घेत गेलो. थेट उडीही बहुधा चालली असती. पण ७८ मध्ये पत्त्यांची वही जुन्या मॉर्क फाइलमधून एसक्यूलाइटमध्ये जाते, आणि तो बदल ज्या आवृत्तीत मुळात आखला गेला तिथेच व्हावा असं मला वाटलं. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी बघायच्या: नवी मेल येते का, मेल जाते का, पत्ते मोजून तेवढेच आहेत का. तासाभरात भाईंचा संगणक १०२.१५.१ वर होता. पॉलिसीज.जेसन काढून टाकली आणि अपडेट आपोआप बसू दे असं ठेवलं.

२१ तारखेला, गुरुवारी, ताईंचा संगणक. त्यांचं प्रोफाइल चौदा जीबी, प्रत घ्यायलाच तास गेला. त्या शेजारी बसून होत्या, उठल्या नाहीत. १०२ उघडल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी माउस स्वतःकडे घेतला, शोधाच्या चौकटीत बेळगावच्या एका व्यापाऱ्याचं नाव टाकलं आणि २०१७ ची एक मेल उघडली. तिच्यातलं जोडपत्रही उघडून पाहिलं. मग खाली सरकत सरकत सगळ्यात जुन्या मेलपर्यंत गेल्या. “आहे,” एवढंच म्हणाल्या आणि मला चहा सांगितला. माझ्या तपासणीपेक्षा त्यांची तपासणी चोख होती. तेव्हापासून कोणत्याही कार्यालयात मी आधी विचारतो, तुम्हाला कोणती मेल दिसली की समाधान वाटेल?

पाठवणीच्या टेबलाला काहीच त्रास झाला नाही.

गोदामातला संगणक

तिथे ७८ बसवलं आणि मेल यायची थांबली. तंतोतंत २०२० सारखं. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, अशी सूचना. पाठवणीचा मुलगा दारात उभा होता, तो धावत ताईंकडे गेला. दहा मिनिटांत भाईही गोदामात आले. “म्हणूनच बंद केलं होतं ना?”

माझ्याही पोटात गोळा आला. पण तीन संगणक त्याच सर्व्हरवरून, त्याच इंटरनेटवरून नीट मेल घेत होते. म्हणजे खोट सर्व्हरमध्ये असूच शकत नव्हती, ती या संगणकातच होती. मी सेटिंग्ज ओळ ओळ ताडून बघितली, पोर्ट तेच, नाव तेच. मग घड्याळाकडे लक्ष गेलं, वेळ चुकीची असली तरी सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं नाकारली जातात. घड्याळ बरोबर होतं. घड्याळाशेजारीच मात्र अँटिव्हायरसचं पिवळं चिन्ह होतं. परवाना संपून दोन वर्षं झालेली.

काही अँटिव्हायरस येणारी मेल तपासण्यासाठी थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतात. कुलूपबंद मार्ग मग थंडरबर्डपासून थेट सर्व्हरपर्यंत जात नाही, अँटिव्हायरसपाशी उघडतो आणि तिथून नव्याने सुरू होतो. हा मध्यस्थ दोन वर्षं गोठलेला होता आणि थंडरबर्डशी जुन्या टीएलएसमध्ये बोलत होता. ६८ ते खपवून घ्यायचं, ७८ ने नाकारलं. अँटिव्हायरसची मेल तपासणी बंद केली, आणि मेल भराभर उतरायला लागली. नंतर तो अँटिव्हायरस पूर्ण काढला.

हे सापडायला पावणेदोन तास लागले. आधी तीन संगणक सुरळीत झाले नसते तर मीही त्या मुलासारखं ६८ परत बसवून पॉलिसी फाइल ठेवली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या संगणकाची खरी अडचण वेगळीच होती. त्यावर विंडोज ७, ज्याचा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं, १४ जानेवारी २०२० ला संपला. वजनकाट्याचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो, नव्या विंडोजवर सुरूच होत नाही. थंडरबर्ड ११५ विंडोज ७ वर चालत होतं, म्हणून आम्ही तो प्रश्न तसाच सोडला.

परिणाम

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चारही संगणक ११५ वर गेले. नव्या मांडणीची भीती होती तेवढी ठरली नाही. जुनी मेन्यूपट्टी दिसती केली, ओळींमधलं अंतर कमी केलं, ताईंची बटणं त्यांच्या जागी लावली. पाऊण तास गेला. अॅड-ऑनचा नवा अवतार बसवला. त्यात निर्यातीच्या मेन्यूची जागा वेगळी होती, तेवढी कुरकुर आठवडाभर चालली.

चारही संगणकांवर घुसखोरीची खूण सापडली नाही. बनावट मेलची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवली. इथे भाईंचा एक गैरसमज मला दोनदा दूर करावा लागला. त्यांना वाटत होतं, अपडेट झाले म्हणजे तशी मेल आता येणार नाही. अपडेटचा त्या मेलशी संबंधच नव्हता. दुसऱ्याच डोमेनवरून व्यापाऱ्याला गेलेली मेल आमचं थंडरबर्ड कसं अडवणार? त्यावर उपाय फोनचाच होता. सगळ्या व्यापाऱ्यांना पत्र गेलं: खातं बदलल्याची मेल आली तर आमच्या जुन्या नंबरवर भाईंशी बोलल्याशिवाय पैसे सोडू नका.

जुलै २०२४ मध्ये थंडरबर्ड १२८ आलं आणि गोदामाचा सोडलेला प्रश्न परत आला, कारण १२८ ला किमान विंडोज १० लागतं. या वेळी तडजोड केली नाही. वजनकाट्याच्या संगणकाची नेटवर्क केबल काढून टाकली, तो आता फक्त वजन करतो. मेलसाठी शेजारी दुसरा संगणक ठेवला. तो मी जुन्या बाजारातून विंडोज १० सह घेतला आणि तिथे चुकलो.

वेगळं काय करता आलं असतं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, ही तारीख २०२४ मध्ये सगळ्यांना माहीत होती. मी घेतलेल्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पाच-सहा हजार रुपये वाचवायच्या नादात सव्वा वर्षात तोच प्रश्न भाईंपुढे पुन्हा ठेवला. थंडरबर्डची आवृत्ती बघताना तिच्या खालची विंडोज किती दिवस टिकेल हे मी बघायला हवं होतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार फिशिंग आणि बनावट ओळखीचे प्रकार कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचे असतात, आणि ते कंपन्यांनाही लागू आहे. आम्ही पोर्टलवर तक्रार केली, सर्ट-इनला कळवलं नाही. मला तेव्हा ते सुचलंच नाही.

१३ सप्टेंबरचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. काही ओळखीचे तंत्रज्ञ म्हणाले, गंभीर त्रुटी असताना तीन संगणक आठवडाभर तसेच ठेवणं चूक होतं. साधा मजकूर आणि चित्रं बंद, एवढ्यावर विसंबणं म्हणजे माणसांच्या शिस्तीवर विसंबणं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. शुक्रवारी घाईत पाठवणीच्या मुलाने एक फोटो आपल्याच संगणकावर उघडला होता, त्याने ते स्वतःहून सांगितलं. पण गाड्या सुटण्याच्या आठवड्यात गोदामातला तो पावणेदोन तासांचा गोंधळ चारही टेबलांवर झाला असता, तर कार्यालयाने पुढची पाच वर्षं अपडेटचं नाव घेऊ दिलं नसतं.

मार्च २०२५ पासून थंडरबर्डने दर महिन्याला नवी आवृत्ती देणारी शाखा डाउनलोडसाठी पुढे केली आहे. आम्ही ईएसआर या संथ शाखेवरच राहिलो. तिथे वैशिष्ट्यं वर्षातून एकदा बदलतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मधे मधे येतच राहतात. जुलै २०२५ नंतर मेलचे संगणक १४० वर गेले. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. ताईंनी आधी हार्ड डिस्क लावून प्रत घेतली, मग अपडेट होऊ दिलं, आणि बेळगावच्या व्यापाऱ्याची २०१७ ची मेल उघडून बघितली.

त्यांच्या टेबलावर आता एक दोनशेपानी वही असते. काही थांबवायचं झालं तर तिच्यात चार रकाने भरायचे: काय थांबवलं, कधी, कोणत्या कारणाने, पुन्हा कधी बघायचं. सध्या तिच्यात एकच नोंद उघडी आहे, ताईंच्या अक्षरात: गोदाम, मेलचा संगणक, विंडोज १०. चौथ्या रकान्यात लिहिलंय, नव्या काजूबिया यायच्या आधी.